भविष्य नव्हे, अनुमान : मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि त्याच्या खुणा



विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंच्या निवासांतून फिरत असताना त्यांना एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला दिसला. त्याला पोटाचा विकार झाला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर निजवले. ही कथा आपण पुष्कळ वेळा ऐकतो. परंतु त्याच प्रकरणात पुढे चांगला रुग्ण कोणाला म्हणावे हेही सांगितले आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. आपला रोग वाढतो आहे, उतरतो आहे की आहे तिथेच आहे, हे शुश्रूषा करणाऱ्यापासून न लपवणारा तो चांगला रुग्ण, असा त्याचा भावार्थ आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग झाल्यावर तो पुढे कोणत्या वाटेने जाईल, हे आजचे वैद्यकशास्त्र कशावरून ओळखते, आणि त्या ओळखीचा आपल्यासारख्या सामान्य कुटुंबाला काय उपयोग, हे आम्ही साध्या शब्दांत सांगणार आहोत.

हा विषय का घेतला?

हिर्डोशी आणि नीरेच्या खोऱ्यातील आपली माणसे निम्मी गावाकडे आणि निम्मी मुंबई-पुण्याला आहेत. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच. ताप आला, हात मोडला तर माणूस चारचौघांत सांगतो. शौचावाटे रक्त पडते हे मात्र तो घरात बायकोलासुद्धा सांगत नाही. मनाशीच ठरवतो की ही मूळव्याध आहे, आणि कोणाकडून तरी पाला, कोणाकडून पुडी आणून दिवस काढतो.

आमच्या मंडळाच्या एका सभासदांचे असेच झाले. त्यांच्या कुटुंबाच्या संमतीने, नाव न देता, हे लिहीत आहोत. मुंबईत नोकरी, वय ५१. वर्षभर रक्त पडत होते. भाताच्या लावणीला गावी आले असता चिखलात उभे राहवेना, चक्कर आली, तेव्हा घरच्यांना कळले. भोर, पुणे असे करीत शेवटी मुंबईत ऑपरेशन झाले. त्यानंतर त्यांचा मुलगा कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला, ‘‘काका, अण्णा किती दिवसांचे सोबती?’’ पिशवीत बिले होती, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, घरी सोडल्याचा कागद होता. ज्या कागदावर त्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर असते, तो पॅथॉलॉजीचा अहवाल मात्र नव्हता. तो मागून घ्यायचा असतो, हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि आम्हालाही नव्हते. त्या दिवसापासून आम्ही ज्या ज्या डॉक्टरांना भेटलो त्यांना विचारत गेलो. जे समजले ते येथे मांडत आहोत.

कुंडली आणि खूण

रोग पुढे कसा वागेल याच्या अंदाजाला पूर्वानुमान म्हणतात. हा शब्द ऐकला की पुष्कळांना ज्योतिषाची आठवण होते. आपण कुंडली आणि पत्रिका सोडून दिलेली माणसे आहोत, म्हणून दोहोंतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. ज्योतिषी एका माणसाविषयी ठाम बोलतो आणि त्याला पुरावा लागत नाही. वैद्यकीय पूर्वानुमान हे अशाच खुणा असलेल्या शेकडो रुग्णांचे पुढे काय झाले, याच्या नोंदींवरून काढलेले असते. ते समूहाविषयी असते. शंभरांतील सत्तर जण पाच वर्षांनंतर हयात असतात असे म्हटले, तर आपला माणूस त्या सत्तरांत की तीसांत, हे कोणीही सांगू शकत नाही. दुसरा फरक याहून मोठा आहे. भविष्य ऐकून माणूस हात जोडून बसतो. अनुमान ऐकून मात्र काय करायचे ते ठरवता येते. कारण बदलले की परिणाम बदलतो, हे आपल्याला प्रतीत्यसमुत्पाद शिकवणाऱ्यानेच सांगितले आहे.

ज्या खुणांवरून हे अनुमान करतात त्यांना जैवखुणा म्हणू. त्या दोन प्रकारच्या असतात. काही खुणा रोग सौम्य आहे की जहाल हे सांगतात, तर काही कोणते औषध लागू पडेल आणि कोणते वाया जाईल हे सांगतात. एखादी खूण दोन्ही कामे करते.

पहिली आणि सर्वांत मोठी खूण : टप्पा

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील रोगनिदानतज्ज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगाचे तीन गट पाडले. गाठ आतड्याच्या भिंतीतच आहे, भिंतीबाहेर पडली आहे, की जवळच्या लसिका ग्रंथींत पोहोचली आहे, एवढेच त्यांनी पाहिले. आज वापरात असलेले चार टप्पे याच विचाराचा विस्तार आहेत. पहिल्या टप्प्यात गाठ भिंतीत असते. दुसऱ्यात ती भिंत ओलांडते. तिसऱ्यात लसिका ग्रंथींत जाते. चौथ्यात यकृत, फुप्फुस अशा दूरच्या अवयवांत पोहोचते.

अमेरिकेतील नोंदींनुसार रोग आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनंतर शंभरांपैकी सुमारे नव्वद रुग्ण तगतात. तो जवळच्या ग्रंथींपर्यंत गेला असेल तर सत्तरच्या थोडे वर, आणि दूर पसरला असेल तर पंधराच्या आसपास. हे आकडे तिकडचे आहेत, परंतु उतार कसा आहे हे त्यांवरून कळते. नव्या युगातील कोणत्याही महागड्या तपासणीने एवढा फरक दाखवलेला नाही.

टप्पा नीट ठरण्यासाठी ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागातील किमान १२ लसिका ग्रंथी तपासल्या जाव्यात, असा जगभर मान्य असलेला दंडक आहे. चार-पाचच पाहिल्या आणि त्यांत रोग नाही म्हटले, तर न पाहिलेल्या ग्रंथींत तो असू शकतो. अहवालात हा आकडा लिहिलेला असतो. तो नातेवाइकांनी विचारावा. विचारल्याने कोणत्याही चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

रक्तातली खूण : सी.ई.ए.

१९६५ साली कॅनडातील माँट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन या दोघांना आतड्याच्या गाठीत एक पदार्थ सापडला. तोच पदार्थ गर्भातील बाळाच्या आतड्यातही होता. म्हणून त्याला कर्करोग आणि गर्भ या दोहोंचे मिळून नाव पडले. त्याची आद्याक्षरे म्हणजे सी.ई.ए. रक्ताच्या साध्या तपासणीत तो मोजता येतो. एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ नॅनोग्रॅमपर्यंतचे प्रमाण सामान्य धरतात.

ऑपरेशनच्या आधी हा आकडा चढा असेल तर रोग पुन्हा उद्भवण्याचा धोका काहीसा अधिक समजतात. गाठ पूर्ण निघाली असेल तर पुढच्या काही आठवड्यांत तो खाली आला पाहिजे. त्यानंतर काही वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तो पाहतात. खाली आलेला आकडा पुन्हा एकसारखा चढू लागला, तर रोग कोठेतरी डोके वर काढतो आहे काय, हे शोधावे लागते. महावग्गातील चांगल्या रुग्णाने जे सांगायचे, वाढतो आहे, उतरतो आहे की तिथेच आहे, ते येथे रक्त सांगते.

येथे दोन सावधगिऱ्या आहेत. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि यकृताच्या काही विकारांत कर्करोग नसतानाही हा आकडा वाढतो. उलट, कर्करोग असूनही कित्येकांत तो वाढत नाही. म्हणून धडधाकट माणसाने घाबरून ही तपासणी करून घेऊ नये आणि ती चांगली आली म्हणून रक्त पडत असताना निर्धास्तही राहू नये. ही खूण रोग शोधण्यासाठी नव्हे, पाळत ठेवण्यासाठी आहे.

मुद्रितशोधक नसलेली पेशी

ही स्मरणिका छापण्यापूर्वी कोणीतरी मुद्रिते तपासली. तरीही चार चुका राहिल्या असतील, वाचकांनी क्षमा करावी. आपल्या शरीरातही असेच काम चालते. पेशी दुभंगताना गुणसूत्रांतील मजकुराची नक्कल होते, आणि नकलेतील चुका दुरुस्त करणारी प्रथिने असतात. एम.एल.एच.१, एम.एस.एच.२, एम.एस.एच.६ आणि पी.एम.एस.२ ही त्यांतील प्रमुख चार. यांतील एखादे नसेल तर चुका साचत जातात आणि त्यांतून कर्करोग होऊ शकतो. पाश्चात्त्य देशांत मोठ्या आतड्याच्या शंभर कर्करोगांत सुमारे पंधरा या प्रकारचे असतात.

गंमत अशी की, लवकरच्या टप्प्यात असा रोग इतरांपेक्षा सौम्य वागतो. चुकांनी भरलेली पेशी शरीराच्या संरक्षक पेशींना चटकन परकी म्हणून ओळखू येते. म्हणून दुसऱ्या टप्प्यात ही खूण सापडली तर नेहमीची केमोथेरपी एकटी देऊन फायदा होत नाही आणि ती बहुधा टाळतात. म्हणजे एका तपासणीने रुग्णाचे सहा महिन्यांचे हाल वाचू शकतात. उलट, रोग पसरलेला असेल तर याच खुणेच्या रुग्णांना शरीराची प्रतिकारशक्ती मोकळी करणारी नवी औषधे चांगली लागू पडतात. न्यूयॉर्कमध्ये गुदाशयाच्या अशाच कर्करोगाच्या १२ रुग्णांना केवळ असे एक औषध दिले. २०२२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा बाराही जणांची गाठ ऑपरेशनवाचून दिसेनाशी झाली होती. ही औषधे अजून फार महाग आहेत, हेही सांगितले पाहिजे. परंतु ही खूण आहे की नाही हे पाहण्याची तपासणी त्या मानाने साधी आहे. ती ऑपरेशनच्या वा बायॉप्सीच्या तुकड्यावरच होते.

शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट

या चार प्रथिनांपैकी एखाद्याचा दोष वंशपरंपरेने येऊ शकतो. अमेरिकेतील अॅन आर्बर येथे १८९५ साली शिवणकाम करणारी एक बाई डॉ. अॅल्ड्रेड वॉर्थिन यांना म्हणाली की, आमच्या घराण्यात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या रोगाने जातात, मीही तशीच जाणार. पुढे खरोखरच ती गर्भाशयाच्या कर्करोगाने लहान वयात गेली. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे उडवून न लावता त्या घराण्याची वंशावळ लिहून काढली आणि १९१३ साली प्रसिद्ध केली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी ते काम वाढवले. या आनुवंशिक दोषाला आज त्यांचेच नाव आहे. त्या घराण्यातला दोष एम.एस.एच.२ या जनुकात असल्याचे २००० साली सिद्ध झाले. शंभर वर्षे ती बाई जे सांगत होती, ते तिने आपल्या घरात काय घडले हे लक्षात ठेवले म्हणून सांगू शकली.

आपल्याकडे काय होते? आजोबा कशाने गेले असे विचारले तर उत्तर मिळते, ‘‘पोटाच्या आजाराने.’’ आत्या कशाने गेली? ‘‘बायकांच्या आजाराने.’’ पोरीबाळींची लग्ने अडतील म्हणून रोगाचे नाव घ्यायचे नाही. वर उल्लेखिलेल्या सभासदांच्या घरी आम्ही बसून चौकशी केली, तेव्हा वडील पन्नाशीच्या आत पोटाच्या गाठीने आणि बहीण पिशवीच्या कर्करोगाने गेल्याचे निघाले. हे डॉक्टरांच्या कानावर घातले. तपासणीत एक प्रथिन नसल्याचे आढळले, आणि पुढच्या रक्ततपासणीत दोष आनुवंशिक ठरला. मुलालाही तो आला होता. त्याची आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली. एक लहान मोड सापडला, तो तेव्हाच काढून टाकला. त्याचा कर्करोग झाला नव्हता.

अशा कुटुंबांना सल्ला देणारा विभाग मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात आहे. १९४१ साली परळला सुरू झालेले हे रुग्णालय आपल्या चाळीतल्या माणसांना नवे नाही. तेथील ८०० रुग्णांचा एक आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ निघाले. म्हणजे ‘हा म्हाताऱ्यांचा रोग’ असे समजून तरुणांनी निष्काळजी राहण्यात अर्थ नाही.

अडकलेली घंटा

दारावरच्या घंटेचे बटण दाबले की आत घंटा वाजते. पेशीच्या बाहेरही असे बटण असते. ते दाबले गेले की पेशीला वाढण्याचा संदेश मिळतो. ते बटण झाकून टाकणारी औषधे निघाली आहेत. परंतु आतली तारच चिकटली असेल तर बटण झाकून काय उपयोग? घंटा वाजतच राहणार. के-रास आणि एन-रास या जनुकांतील बिघाड म्हणजे ही चिकटलेली तार. पाश्चात्त्य आकडेवारीनुसार सुमारे निम्म्या रुग्णांत तो असतो. अशा रुग्णांना ही औषधे लागू पडत नाहीत, हे के-रासच्या बाबतीत २००८ साली स्पष्ट झाले. म्हणून चौथ्या टप्प्यात महागडे इंजेक्शन सुरू करण्याआधी ही तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. दागिने गहाण टाकून निरुपयोगी औषध घेण्याची पाळी कोणावर येऊ नये.

बी-राफ नावाच्या जनुकातला एक ठराविक बिघाड मात्र पसरलेल्या रोगात वाईट खूण मानली जाते. आता त्यावरही नेमकी औषधे आली आहेत.

आणखी दोन नव्या गोष्टी. गाठ काढल्यानंतरही तिचे गुणसूत्रांचे कण रक्तात फिरत आहेत काय, हे शोधता येते. दुसऱ्या टप्प्यातील ४५५ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात हा प्रयोग झाला. या तपासणीच्या आधाराने केमोथेरपी ठरवली तेव्हा ती शंभरात १५ जणांनाच द्यावी लागली. नेहमीच्या पद्धतीत ती २८ जणांना दिली गेली होती. तरीही दोन वर्षांपर्यंत रोग उलटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे राहिले. हा निष्कर्ष २०२२ चा. २०२५ साली उत्तर युरोपातील एका चाचणीत असे दिसले की, पी.आय.के.३सी.ए. व त्या मालिकेतील जनुकांत बिघाड असलेल्या रुग्णांना ऑपरेशननंतर रोज थोडी अॅस्पिरिन दिली, तर रोग उलटण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते. अॅस्पिरिन ही काही रुपयांत मिळणारी गोळी आहे. परंतु तिने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे ती आपल्या मनाने कोणीही घेऊ नये.

बार्शीचा धडा

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल की, या शहरांतल्या, पैसेवाल्यांच्या गोष्टी. हिर्डोशीत बसून आम्ही काय करणार? त्याला उत्तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने दिले आहे. तेथे १९८७ साली ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव गेले आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे बायकांना सांगितली. त्यांच्याजवळ मोठी यंत्रे नव्हती, फक्त बोलणे होते. काही वर्षांतच तेथील बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्याचे दिसून आले. हा अभ्यास १९९५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला.

याचा अर्थ सरळ आहे. टप्पा ही सर्वांत प्रबळ खूण, आणि ती एकच अशी आहे की जी माणसांच्या बोलण्याने बदलते. जनुक आपल्या हातात नाही. लाज मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून आमची विनंती :

१. शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, कारण नसता घटणारे वजन, किंवा प्रौढ पुरुषात वा पाळी गेलेल्या स्त्रीत आढळणारा रक्तक्षय, यांपैकी काही असेल तर मूळव्याध म्हणून बसू नये. भोरच्या सरकारी रुग्णालयात जाऊन तपासून घ्यावे आणि दुर्बिणीच्या तपासणीची गरज आहे का ते विचारावे.

२. ऑपरेशन झाल्यावर पॅथॉलॉजीचा अहवाल मागून घ्यावा. त्यात टप्पा आणि तपासलेल्या ग्रंथींची संख्या पाहावी. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. पुढच्या बहुतेक तपासण्या त्यावरच होतात. तो कोठे आहे हे लिहून ठेवावे.

३. ऑपरेशनपूर्वीचा सी.ई.ए.चा आकडा आणि पुढचे सर्व आकडे तारखेसह एका वहीत लिहावेत.

४. मुद्रितशोधक प्रथिनांची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. विशेषतः रुग्ण पन्नाशीच्या आतला असेल किंवा घराण्यात असा आजार असेल तर जरूर विचारावे.

५. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. खर्चाला हात घालण्यापूर्वी त्याला भेटावे.

६. घरातील मृत्यूंची कारणे आणि वये लिहून ठेवावीत. ही मुलाबाळांची ठेव आहे.

रुग्णाला सांगावे काय?

हा प्रश्न आमच्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ चालला. कोणी म्हणाले, सांगितले तर तो खचेल. आम्ही त्या सभासदांपुरते पाहिले ते असे. रोग पसरला आहे हे त्यांना सांगितल्यावर ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही मुलांना व पुतण्यांना बोलावले आणि तपासण्या करून घ्या असे स्वतःच्या तोंडाने बजावले. आम्ही दहा वेळा सांगून जे झाले नसते, ते त्यांच्या एका शब्दाने झाले. पुढे दीड वर्षाने ते गेले. मुलाचा मोड ज्या तपासणीत सापडला, ती त्यांच्याच आग्रहाने झालेली होती.

अण्णा किती दिवसांचे सोबती, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही आणि नेमके उत्तर आजही कोणी देऊ शकणार नाही. परंतु कोणते प्रश्न विचारायचे, ते आता आम्हाला माहीत आहे. या लेखामुळे खोऱ्यातील एक जरी घर ते वेळेवर विचारील, तर ही पाने छापल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

भवतु सब्ब मंगलं.